ट्रेकचं सामान: अंगाला लागणार नाही असं कसं निवडावं, कसं वापरावं

दुकानात बूट घालून पाहतो तेव्हा पाय ताजा असतो, मोजा कोरडा असतो आणि पाठीवर काही नसतं. वाटेवर यातलं काहीच तसं राहत नाही. दुपारपर्यंत पाय सुजतो, मोजा घामाने ओलसर होतो, पाठीवर आठ-दहा किलो असतात आणि उतारावर शरीराचा भार बोटांवर येतो. म्हणून कुठलीही वस्तू घेताना आधी एवढंच पाहावं: ओली झाल्यावर, ओझं असताना आणि आपण थकल्यावर ती कशी वागेल? किंमत, रंग आणि खोक्यावरची वर्णनं नंतर.

सगळ्या सामानाला सारखं महत्त्व देण्याचीही गरज नाही. जे दिवसभर अंगाला टेकून राहतं त्यावर वेळ आणि पैसा घालवा: बूट, मोजे, सॅक आणि अंगालगतचे कपडे. चमचा, डबा, चाकू, पिशव्या घरातल्या असल्या तरी काही बिघडत नाही. पुष्कळ जण याच्या उलट करतात. छोट्या चकचकीत वस्तू हौसेने गोळा करतात आणि बूट मात्र घाईत, अंदाजाने घेतात.

बूट: माप आणि चाचण्या

बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा वाढतो. ट्रेकला वापरणार तेच मोजे बरोबर न्या. दोन्ही पाय उभं राहून मोजून घ्या. दोन्हींत थोडा फरक असतोच, तेव्हा मोठ्या पायाचं माप धरा. रोजच्या बुटापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा बूट लागणं साहजिक आहे.

पहिली चाचणी बुटाबाहेरच होते. आतला सुटा तळ, म्हणजे इनसोल, बाहेर काढा आणि टाच मागच्या कडेला टेकवून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे १ ते १.५ सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. आता चवड्याची बाजू पाहा. पाय इनसोलच्या कडेबाहेर ओघळत असेल तर बूट अरुंद आहे. इथे नंबर वाढवून प्रश्न सुटत नाही. नंबर वाढला की लांबी जास्त वाढते आणि रुंदी किंचितच. मग बूट चवड्याच्या सांध्यावर वाकण्याऐवजी त्याच्या पुढे वाकतो, टाच सुटू लागते आणि करंगळीजवळ बूट चावायचा तो चावतोच. अशा वेळी त्याच नंबरात रुंद साचा मागा किंवा दुसऱ्या कंपनीचा बूट पाहा. प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो, त्यामुळे एकीकडचा नंबर दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरी चाचणी उताराची. नाडी नीट बांधून उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर उतरा आणि दोन-चार वेळा पाय जोरात पुढे आपटा. बोटं पुढे धडकली तर तो बूट परत ठेवा. दुकानात जे किंचित टेकतं, तेच दीड-दोन तासांच्या उतारानंतर नखं काळीनिळी करतं. चढावर टाच थोडी उचलली जाणं चालतं. पण ती अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त उचलली जात असेल आणि नाडी बदलून बांधल्यावरही थांबत नसेल तर फोड ठरलेले.

तिसरी चाचणी हाताने करायची. टाच आणि टोक दोन हातांत धरून बूट पिळा. बूट फडक्यासारखा पिळला गेला तर खडकाळ वाटेवर घोटा आणि तळवा लवकर थकतील. अजिबात पिळला नाही तर तो जड ओझं किंवा बर्फ यांच्यासाठी बनवलेला आहे, साध्या पायवाटेवर त्याचा जाच होईल. मग टोक वर दाबून वाकवा. वाकण्याची घडी चवड्याच्या रेषेत पडली पाहिजे, तळव्याच्या मध्यावर नको.

घोट्याच्या वर जाणारा बूट घ्यावा की खालचा? उंच बूट घोट्याच्या हाडाला दगडाचा मार लागू देत नाही आणि खडे-माती आत जाऊ देत नाही. पण तो पाय मुरगळण्यापासून हमखास वाचवतो ही समजूत भाबडी आहे. रुंद, स्थिर तळ आणि कसून बसलेली टाच यांचा त्या कामी जास्त उपयोग होतो. ओझं हलकं आणि वाट मळलेली असेल तर खालचा, हलका बूट घ्या. पायात घातलेलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं, त्यामुळे तेवढंच वजन पाठीवर असण्यापेक्षा ते कितीतरी जास्त थकवतं. ओझं १२-१५ किलोच्या वर जाणार असेल किंवा घसाऱ्यातून, सुट्या दगडांतून चालायचं असेल तर उंच आणि ताठ बूट बरा.

तळ आणि आतले थर

खोल खाचांचा रबरी तळ आज सगळीकडे दिसतो. तो प्रथम बाजारात आणला इटलीतल्या व्हिताले ब्रामानी यांनी, १९३७ साली. त्यांच्या नावावरूनच व्हायब्रम हे नाव आलं. त्याआधी गिर्यारोहक लोखंडी खिळे ठोकलेले चामडी तळ वापरत. खाचा साधारण ४ ते ५ मिलिमीटर खोल हव्यात आणि एकमेकींपासून मोकळ्या हव्यात, म्हणजे अडकलेला चिखल चालता चालता गळून पडतो. ओल्या कातळावर मात्र खाचांचा उपयोग कमी. तिथे रबर किती मऊ आहे आणि त्याचा किती भाग दगडाला टेकतो याला महत्त्व. नखाने दाबून पाहा: दगडासारखं कडक रबर खूप दिवस टिकतं, पण ओल्या दगडावर घसरतं. मऊ रबर धरून ठेवतं, पण लवकर झिजतं. दोन्ही एकत्र फारसं मिळत नाही, तेव्हा आपली वाट पाहून ठरवा.

तळ आणि पाय यांच्यामधला गादीचा थर बहुधा दोनपैकी एका पदार्थाचा असतो. ईव्हीए फेस हलका आणि मऊ असतो, पण वापराने दबत जातो. बाजूने आडव्या सुरकुत्या पडल्या आणि अंगठ्याने दाबल्यावर लवचीकपणा जाणवेनासा झाला, की खाचा शाबूत असल्या तरी तो बूट संपला असं समजा. पॉलियुरेथेन जड आणि टिकाऊ असतं, पण त्याचा शत्रू वेगळा आहे. हवेतल्या ओलाव्याने त्याचे रेणू हळूहळू तुटतात. कपाटात काही वर्षं नुसता पडून राहिलेला बूटसुद्धा वरून नवा दिसतो आणि चालायला लागल्यावर तासाभरात त्याच्या तळाचा भुगा होतो. दमट, उबदार जागेत हे लवकर घडतं. म्हणून बरेच दिवस न वापरलेला बूट थेट लांबच्या वाटेवर नेऊ नका. आधी घराजवळ दोन-तीन तास चालून पाहा. तळ आणि वरचा भाग जोडलेल्या रेषेत नख घालून तो सुटतोय का तेही बघा.

जलरोधक पडदा असलेला बूट घ्यायचा का, यावर आमचं मत असं आहे: थंडी, ओलं गवत आणि बर्फ यांत तो घ्यावा. उष्ण हवेत, किंवा गुडघाभर पाण्यातून वारंवार जावं लागणार असेल तर घेऊ नये. गोअर-टेक्ससारखा पडदा बाहेरचं पाणी थोपवतो आणि आतली वाफ हळू बाहेर सोडतो. पण बुटाच्या तोंडातून एकदा पाणी आत गेलं की तोच पडदा ते आत धरून ठेवतो. जाळीचा साधा बूट चालता चालता काही तासांत बराचसा वाळतो. पडद्याचा बूट दुसऱ्या दिवशीही ओलसर असतो.

नवा बूट कातडी असेल तर दोन-तीन आठवडे थोडा थोडा वापरून मऊ करावा लागतो. हलक्या जाळीच्या बुटाला काही दिवस पुरतात. लक्षात घ्या, वापराने कडक कातडं मऊ होतं, चुकीचं माप बरोबर होत नाही.

नाडी बांधणं

बूट चांगला असूनही पाय दुखतात याचं कारण कितीदा तरी नाडीत सापडतं. बोटांपासून वर येताना प्रत्येक ओळ वेगळी ओढा. नुसती वरची टोकं ओढून सगळं आवळू नका. बोटांवर सैल, पायाच्या बाकावर घट्ट आणि घोट्याच्या घडीवर सर्वांत घट्ट अशी बांधणी हवी. घोट्याच्या घडीत नाडीला एका वेढ्याऐवजी दोन वेढे द्या. त्या दोन वेढ्यांमुळे खालचा ताण खालीच राहतो आणि टाच मागे बसून राहते. खालच्या बुटाला वर जवळजवळ दोन भोकं असतात. नाडी त्यातल्या वरच्या भोकातून घालून छोटा फास करा, समोरच्या बाजूची नाडी त्या फासातून ओवा आणि खाली ओढा. टाच उचलली जाण्यावर हा सर्वांत साधा उपाय आहे.

पायाच्या वरच्या भागावर एकाच ठिकाणी दुखत असेल तर तिथे नाडी आडवी न घालता दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या आणि पुढच्या भोकापासून पुन्हा फुली घाला. दुखऱ्या जागेवरचा दाब लगेच कमी होतो. चढाला घोट्यावर किंचित सैल, उतार सुरू होण्याआधी थांबून पुन्हा घट्ट: या कामाला दोन मिनिटं लागतात आणि नखं वाचतात.

मोजे आणि फोड

फोड येण्याचं कारण नीट कळलं की ते टाळणं सोपं होतं. बूट आणि मोजा कातडीला एका दिशेला धरून ठेवतात आणि आतलं हाड पावलागणिक पुढे-मागे सरकतं. मधले कातडीचे थर ताणले जातात, शेवटी एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. ओलसर कातडी मऊ पडते आणि मोज्याला जास्त चिकटते, म्हणून ताण वाढतो. उष्णता, ओल आणि सैलपणा या तिन्हींतलं एक जरी कमी केलं तरी फोडांचं प्रमाण घटतं.

सुती मोजे इथेच घात करतात. सूत पाणी शोषतं आणि सोडत नाही. मेरिनो (मेरिनो मेंढीची बारीक, मऊ) लोकर किंवा नायलॉन-पॉलिएस्टर मिश्रणाचे मोजे घ्या. मेरिनोला वास कमी येतो आणि ते ओलं असतानाही बऱ्यापैकी ऊब देतं. पण निव्वळ लोकर लवकर झिजते, म्हणून टाचेला आणि बोटांना नायलॉनची जोड असलेला मोजा निवडा. मोजा पायावर गच्च बसला पाहिजे. सैल मोज्याची घडी हीच फोडाची सुरुवात असते. नेहमी बोटांच्या मध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे वापरा. टाचेला येत असतील तर जाड मोज्याच्या आत पातळ, गुळगुळीत मोजा घाला, म्हणजे घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं. मात्र दोन मोजे घालायचे असतील तर बूटही दोन मोज्यांवरच मापून घ्यायला हवा.

चालायचे दोन जोड आणि झोपायचा एक कोरडा जोड पुरे. दुपारच्या विश्रांतीत बूट-मोजे काढा, पाय वाळू द्या, मोजे बदला आणि ओले मोजे सॅकच्या बाहेर लटकवा. पायाची नखं ट्रेकला निघण्याआधी दोन-तीन दिवस सरळ रेषेत कापा. आदल्या रात्री कापली तर ताजी धार शेजारच्या बोटाला लागते.

एखादी जागा गरम लागायला लागली की तिथेच थांबा. पुढच्या सपाटीवर पाहू, असं म्हणणाऱ्याच्या पायाला तिथे पोचेपर्यंत फोड आलेला असतो. जागा पुसून कोरडी करा आणि चिकटपट्टी लावा. पट्टीची टोकं गोल कापा, नाहीतर कोपरे मोज्यात अडकून उचलले जातात. पट्टी दुखऱ्या जागेपेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठी हवी आणि तिला सुरकुती नको. ताठ, न ताणली जाणारी खेळाडूंची टेप उत्तम. कागदी सर्जिकल टेपही चालते, आणि काढताना ती कातडी ओढत नाही.

फोड आलाच आणि छोटा असेल, दुखत नसेल, तर फोडू नका. मधे भोक असलेल्या स्पंजच्या गोल पट्टीने त्याच्या भोवती उंचवटा करा. मोठा आणि ताणलेला असेल तर हात व जागा स्वच्छ धुवा, जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने अगदी कडेला एक-दोन भोकं पाडा, पाणी दाबून काढा आणि वरची कातडी तशीच राहू द्या. तीच सगळ्यात चांगली मलमपट्टी आहे. कातडी निघून गेली असेल तर जेल असलेली हायड्रोकोलॉइड पट्टी लावा. भोवती लाली पसरू लागली, पू दिसला किंवा ताप आला तर चालणं थांबवून डॉक्टर गाठा. मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना कमी असेल तर सुई लावूच नका.

सॅक: पाठीची लांबी आधी, लिटर नंतर

सॅक घेताना लोक लिटर विचारतात. विचारायला हवी ती पाठीची लांबी. ती उंचीवरून ठरत नाही, सारख्या उंचीच्या दोघांची पाठ चार-पाच सेंटिमीटरने वेगळी असू शकते. मान पुढे झुकवा: मानेच्या तळाशी एक मणका ठळक वर येतो, तो सातवा मणका. आता दोन्ही हात कमरेच्या बाजूच्या हाडांवर वरून टेकवा आणि अंगठे पाठीकडे वळवा. अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथपर्यंत, त्या मणक्यापासून मऊ टेपने अंतर मोजून घ्या. हे दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं. साधारण ४३ सेंटिमीटरपर्यंत लहान, ४३ ते ४८ मध्यम आणि त्यापुढे मोठं माप धरतात. मात्र कंपन्यांची मापं थोडी इकडेतिकडे असतात, तेव्हा लेबल वाचा.

आकारमानाचं म्हणाल तर एका दिवसाला २० ते ३० लिटर, दोन-तीन दिवसांना ४० ते ५५, त्याहून लांब किंवा थंडीतल्या वाटेला ६० ते ७०. मोठी सॅक घेऊ नका, कारण रिकामी जागा भरलीच जाते. दिवसाच्या ट्रेकला ओझं शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास आणि मुक्कामाच्या ट्रेकला २० टक्क्यांच्या आत ठेवा.

रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते, त्यामुळे ती घालून काही कळत नाही. आत आठ-दहा किलो भरा आणि १५-२० मिनिटं चढउतार करा. पट्टे लावायचा क्रम असा:

१. सगळे पट्टे सैल सोडा आणि सॅक पाठीवर घ्या.
२. खांदे उचला, कमरपट्ट्याचा मधला भाग कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आणा आणि बक्कल लावून घट्ट ओढा. पट्टा पोटावर नको आणि खुब्याच्या सांध्यावरही नको.
३. खांद्याचे पट्टे अंगाला लागेपर्यंतच ओढा. खांद्यामागे फट राहू नये, पण वजनही तिथे येऊ नये.
४. खांद्याच्या वरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे ओढा. ते साधारण ४५ अंशांत तिरपे दिसले पाहिजेत.
५. छातीचा पट्टा गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, श्वास मोकळा राहील इतकाच लावा.

वजनाचा बराचसा भाग, ७० ते ८० टक्के, कमरेवर गेला पाहिजे. तपासायला खांद्याचे पट्टे किंचित सैल सोडा. सॅक खाली घसरली तर कमरपट्टा सैल आहे किंवा माप चुकलंय. चालताना दर अर्ध्या-पाऊण तासाने पट्टे थोडे सैल-घट्ट करत राहा, म्हणजे एकाच जागी सतत दाब राहत नाही.

दुखणं कुठे आहे त्यावरून दोष सापडतो. खांद्याच्या माथ्यावर दुखतंय: पट्टा कमरेवर बसलेला नाही किंवा सॅकची पाठ तुमच्या पाठीपेक्षा आखूड आहे. हाताच्या बोटांना मुंग्या येतात: खांद्याचे पट्टे फार घट्ट आहेत किंवा काखेत घुसतायत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो: कमरपट्टा खाली सरकून तिथल्या मज्जातंतूवर दाब देतोय, तो वर घ्या आणि थोडा सैल करा. सॅक मागे ओढते आणि आपण वाकून चालतो: जड वस्तू पाठीपासून लांब आहे.

सामान भरताना झोपण्याची पिशवी आणि रात्रीचे कपडे तळाशी, कारण ते हलके असतात आणि मुक्कामापर्यंत लागत नाहीत. पाणी, शिधा, स्टोव्ह असं सगळ्यात जड सामान पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीवर. वाट अवघड आणि उड्या मारायची असेल तर तेच थोडं खाली घ्या. हलके कपडे बाहेरच्या बाजूला आणि मोकळ्या जागांत कोंबा. पावसाळी जाकीट, औषधं, टॉर्च आणि नकाशा सगळ्यात वर. डावी-उजवी बाजू सारखी ठेवा. एका बाजूला पाण्याची भरलेली बाटली आणि दुसरीकडे काहीच नाही, एवढ्यानेही दिवसाअखेर एक खांदा वेगळा दुखतो.

पावसासाठी बाहेरून घालायच्या आवरणावर भिस्त ठेवू नका. पाठीच्या बाजूने पाणी ओघळून आत जातंच, वाऱ्यात आवरण उडतं आणि काटेरी झुडपात फाटतं. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तोंड पिळून दुमडा. झोपायचं सामान आणि कोरडे कपडे त्यातच राहू द्या. बाहेरचं आवरण सॅक चिखलापासून वाचवण्यापुरतं.

शिवण तपासताना खांद्याचे पट्टे सॅकला जिथे जोडलेत तिथे पाहा. तिथे उलटसुलट दाट टाके हवेत. तळाचं कापड बाकीच्यापेक्षा जाड असावं, चारशे डेनियरच्या (धाग्याच्या जाडीचं माप) आसपासचं नायलॉन पुष्कळ टिकतं. कमरपट्ट्याचं बक्कल नेहमीच्या रुंदीचं, बाजारात सहज मिळणारं असेल तर बरं.

कपडे: घाम आधी, पाऊस नंतर

कपड्यांबद्दल थोडक्यात. अंगालगत पातळ मेरिनो किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. थंडीत सुती बनियन घालून चढ चढला की घाम त्यातच राहतो आणि माथ्यावर वारा लागला की अंग गारठतं. कोरड्या, कडक उन्हात सैल सुती शर्ट चालतो, कारण तिथे ओलावा गारवा देतो. रात्री हवा थंड होणार असेल तर मात्र बदलायला दुसरा शर्ट हवाच. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं, आणि उबेने निघालात तर त्याच दहा मिनिटांत घामाघूम व्हाल.

जाकिटावर १०,००० मिलिमीटर वगैरे आकडा असतो. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. दिवसभराच्या पावसात, सॅकच्या पट्ट्यांखाली दाब येतो म्हणून, १०,००० किंवा जास्त हवं. पण काखेतल्या चेन त्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. जोरात चढताना घामाची वाफ कुठल्याही पडद्यातून पुरेशी बाहेर जात नाही.

जुनं जाकीट गळतं अशी तक्रार असते, तेव्हा बहुतेक वेळा ते गळत नसतं. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप गेलेला असतो. कापड ओलं चिंब होतं, वाफ बाहेर जाणं थांबतं आणि आतला घामच अंगाला लागतो. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे न घरंगळता पसरू लागले की जाकीट सौम्य साबणाने धुवा, भरपूर पाण्यात खंगाळा आणि लेबलवर परवानगी असेल तर मंद उष्णतेत वाळवा किंवा मधे फडकं ठेवून मंद इस्त्री करा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही पाणी पसरलं तर फवारायचा लेप मारा. कपडे मऊ करणारं द्रव कधीच वापरू नका.

मांड्या, काखा आणि सॅकच्या पट्ट्यांखाली कातडी सोलवटते ती शिवणीमुळे आणि वाळलेल्या घामाच्या मिठामुळे. चपट्या शिवणीचे कपडे घ्या, मांडीपर्यंत लांब अंतर्वस्त्र घाला, निघण्याआधी त्या जागांना पेट्रोलियम जेली लावा आणि शक्य असेल तिथे दुपारी घाम धुऊन टाका.

काठ्या

गुडघ्यांसाठी उतारावर दोन काठ्या खरोखर उपयोगी आहेत. टोक पायाजवळ टेकवल्यावर कोपर ९० अंशांत वाकलं पाहिजे. लांब चढाला ५ ते १० सेंटिमीटर कमी करा, उताराला तेवढीच वाढवा. मनगटाच्या पट्ट्यात हात खालून वर घाला आणि मग पट्ट्यासकट मूठ धरा. वजन पट्ट्यावर येतं आणि मूठ सैल राहते. पडल्यास हात अडकू शकतो अशा घसाऱ्यावर मात्र पट्ट्यातून हात काढा. ॲल्युमिनियम वाकतं आणि बरेचदा तसंच वापरून घरी येता येतं. कार्बन हलकं असतं, पण दगडांत आडवं अडकलं की मोडतं. पिळून घट्ट होणाऱ्या सांध्यापेक्षा बाहेरून दाबायचा खटका बरा, तो थंड हातांनीही चालतो आणि त्याचा स्क्रू वाटेत आवळता येतो. कोणताही भाग शेवटच्या खुणेपलीकडे बाहेर काढू नका.

पाणी, उजेड, झोप

मध्यम चालीला तासाला अर्धा लिटर पाणी धरा, उष्ण हवेत जास्त. खूप घाम येत असेल तर नुसतं पाणी पीत न राहता खारट काहीतरी खा. नळीच्या पिशवीतून पाणी प्यायलं जातं, पण किती उरलं ते दिसत नाही, म्हणून एक बाटली सोबत असू द्या.

हेडटॉर्च २०० ते ३०० ल्युमेनचा (उजेडाचं माप) पुरतो. खोक्यावर लिहिलेले तास फसवे असतात. एएनएसआय एफएल-१ या प्रमाणात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे त्यातला बराच काळ उजेड क्षीणच असतो. अदलाबदलीची बॅटरी न्या आणि सॅकमध्ये बटण दाबलं जाऊ नये म्हणून कुलूप असलेला टॉर्च घ्या. थंडीत अल्कलाइन बॅटरी ढेपाळते, लिथियम टिकते.

झोपण्याच्या पिशवीवर आयएसओ २३५३७ प्रमाणे तीन तापमानं असतात. खरेदी 'कम्फर्ट' पाहून करा, 'एक्स्ट्रीम' पाहून कधीच नाही. तो जीव वाचण्यापुरता आकडा आहे. अंगाखाली दबलेला भाग ऊब देत नाही, म्हणून चटई तितकीच महत्त्वाची. तिच्यावरचा आर-आकडा (जमिनीची थंडी ती किती अडवते याचं माप) उबदार हवेत २ च्या आसपास आणि थंडीत ४ किंवा जास्त हवा. दोन चटया एकावर एक घातल्या तर आकड्यांची बेरीज होते.

वाटेतली दुरुस्ती आणि घरची निगा

दुरुस्तीची पिशवी २०० ग्रॅमपेक्षा जड व्हायची गरज नाही: बाटलीला गुंडाळलेली दीड-दोन मीटर कापडी डक्ट टेप, जाड सुई, मजबूत नायलॉन दोरा, पाच-सहा प्लॅस्टिकच्या बांधपट्ट्या, ३ मिलिमीटर जाडीची तीन मीटर दोरी, दोन सेफ्टी पिना आणि कमरपट्ट्याचं एक जादा बक्कल.

तळ सुटला तर नुसती टेप गुंडाळू नका, दगडावर ती थोड्याच वेळात फाटते. दोरी तळाच्या आडव्या खाचेत बसवून वर घ्या, नाडीच्या खालच्या आकड्यांतून फिरवून घट्ट बांधा आणि पुढच्या टोकाला दुसरा वेढा द्या. खाचेतली दोरी झिजत नाही. चेनचे दात जुळत नसतील तर सरकत्या भागाच्या मागच्या दोन कडा पकडीने किंचित दाबा. जास्त दाबलं तर तो तुटतो. फाटलेल्या कापडाला टेप दोन्ही बाजूंनी आणि गोल कोपऱ्यांची लावा, आधी कापड कोरडं करून.

घरी आल्यावर त्याच दिवशी बुटातून इनसोल काढा, चिखल ब्रशने झाडा आणि आत कागदाचे बोळे भरून सावलीत, हवेशीर जागी ठेवा. कागद ओला झाला की बदला. चुलीजवळ, हिटरसमोर किंवा उन्हात तापलेल्या गाडीत बूट वाळवले तर गोंद मऊ होतो आणि कातडं तडकतं. सॅक कोमट पाण्याने हाताने धुवा. मशीनमध्ये आतला लेप सुटतो, आणि ओलसर घडी करून ठेवली तर तोच लेप चिकट होऊन खपल्यांनी निघतो. पाण्याची पिशवी धुऊन आत एखादा हँगर किंवा कागद घालून उघडी टांगा. नळी वाळली नाही तर काळी बुरशी तिथूनच सुरू होते. काठ्यांचे भाग वेगळे करून पुसा आणि सांध्यांना तेल लावू नका, लावलं तर घट्ट केलेली काठी भार येताच सरकते. झोपण्याची पिशवी दाबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. टॉर्चमधली बॅटरी काढून ठेवा.

पुढच्या ट्रेकच्या आठवडाभर आधी हे सगळं पुन्हा बाहेर काढा आणि भरलेली सॅक, तेच बूट आणि तेच मोजे घालून तीन-चार तास चाला. काही चावत असेल, सरकत असेल किंवा करकरत असेल तर बदलायला त्यानंतरही सहा दिवस हातात असतात.